आवतणाची ओवी

१

हरिहर मास्तरांना चित्र काढताना कुणी बोललेलं चालत नसे आणि अक्षर काढताना कुणी गप्प बसलेलं चालत नसे. त्यामुळे त्यांच्या बायकोचा, रमाबाईंचा, दिवस आपोआप दोन भागांत वाटला गेला होता. सकाळी मास्तर पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल ओढून जलरंग कालवत, तेव्हा रमाबाई मागच्या अंगणात आपली कामं उरकत. दिवेलागणीला उजेड गेला, की मास्तर कुंचले धुऊन ठेवत, टाक उचलत आणि हाक मारत, "रमा, ये. आता ओव्या." मग त्या वाती वळत समोर बसत आणि मास्तर एकेक ओवी आधी मोठ्याने म्हणत, मग लिहीत. कानाला जी ओवी अडखळते ती कागदावरही वाकडी उतरते, असं त्यांचं मत होतं. मास्तरांना मतं पुष्कळ होती, आणि ती ऐकून घेणारं माणूस घरात एकच होतं.

एरवी मास्तर अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत. पण अठ्ठावन्न सालच्या दिवाळीआधी रविकांत नावाच्या एका तरुण वैद्याने त्यांच्यापुढे एक काम आणून टाकलं. हा रविकांत वैद्यकाच्या विद्यालयात वनस्पती शिकवायचा. दर्यापूरच्या शेषराव वैद्यांच्या मागे त्यांच्या घरातून त्याला एक जुनी पोथी मिळाली होती. वनौषधींची, सगळी ओवीबद्ध, आणि प्रत्येक औषधाचं पानभर रंगीत चित्र. वाळवीने तिला निम्मी खाऊन ठेवली होती. मास्तरांनी चित्रं आणि ओव्या दोन्ही नव्याने उतरवून द्यायच्या, मग ती छापायची, असा बेत होता.

प्रत्येक औषधाच्या वाट्याला तीन ओव्या होत्या. पहिली रूपाची, दुसरी गुणाची आणि तिसरी आवतणाची. ही तिसरी मास्तरांना कळेना, तेव्हा रविकांतने समजावलं.

"जुने वैद्य औषध उपटून आणत नसत, मास्तर, बोलावून आणत. आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं. पायाशी पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, अक्षता वाहायच्या आणि कुणाच्या दुखण्यासाठी न्यायला येणार ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आणायचं. सभ्य माणसं होती हो. आम्ही आपले सरळ कुदळ घालतो."

ती आवतणाची ओवी सगळ्या झाडांना एकच होती:

उद्यां पहांटे येईन । तुजला संगे नेईन ।
             चें दुःख वारीन । तुझेनि हातें ॥

मधली जागा वाळवीने खाल्लेली नव्हती. ती मुद्दामच मोकळी सोडलेली होती, ज्याचं दुखणं त्याचं नाव घालण्यासाठी. रविकांत म्हणाला, "छापताना ते भोक बरं दिसणार नाही. अमुक-तमुक काहीतरी भरा."

मास्तरांनी 'अमुकाचें' भरून पाहिलं. ओवी लंगडायला लागली. 'रोग्याचें' घातलं, तर ती अगदीच सरकारी दवाखान्यातली वाटली. एका संध्याकाळी समोर बसलेल्या बायकोकडे बघता बघता त्यांनी सहज म्हणून पाहिलं, "रमेचें दुःख वारीन, तुझेनि हातें," आणि ओवी आपल्या पायावर उभी राहिली.

"अहो, पण मला कुठलं दुःख?" रमाबाई म्हणाल्या.

"नाही ना? म्हणून तर घालतो. असतं तर हात धजला नसता."

रमाबाई हसल्या आणि त्यांनी वातीची दुसरी जुडी घेतली. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मास्तरांनी बायकोला हौसेचं असं फारसं काही आणलेलं नव्हतं, त्यांना ते सुचतच नसे. छापील पोथीत पानोपानी तिचं नाव यावं, या कल्पनेने ते मनातून फार सुखावले. मग गुळवेलीला, अडुळशाला, रिंगणीला, सगळ्यांना त्यांनी रमेसाठीच बोलावलं. रोज संध्याकाळी, मोठ्याने, चांगल्या खड्या आवाजात. आणि शतावरीच्या पानावर तर ते बरेच दिवस अडकून होते, त्यामुळे तिला रोजच.

२

एका रविवारी रमाबाई इतवाऱ्यातून भाजी घेऊन आल्या त्या हसतच.

"आज एक गंमत झाली. बाजाराच्या टोकाला ती पाला आणि मुळ्या घेऊन बसणारी मंडळी असतात ना, त्यांतली एक बाई मला म्हणते, 'काहो बाई, दुखनं कसं हाय आता तुमचं?' मी म्हटलं, मला कुठं काय दुखतंय? तर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणते, 'नाही? मंग रोज काहून सांगून राह्यले?'"

"तू कुणाला काही सांगितलं होतंस?"

"मी कशाला सांगू? दुसऱ्याच कुणासारखी दिसले असेन तिला."

मास्तरांनाही तसंच वाटलं. त्यांनी भाजीच्या पिशवीतलं गाजर काढून पुसलं आणि खाल्लं, आणि विषय तिथेच संपला.

त्याच आठवड्यात सकाळचा केर काढताना रमाबाईंना मागच्या दाराच्या उंबऱ्याशी माती सापडू लागली. चिमूट, दोन चिमटी, फार नाही. पण लाल. अमरावतीत माती म्हणजे काळी. पायाला चिकटते, भिंतीला चिकटते, धुतली तरी नखात राहते. ही लाल माती मऊ होती आणि ओलसर होती.

मास्तरांनी चष्मा वर करून ती बोटांत चोळून पाहिली. "नगरपालिकेने कोपऱ्यावर मुरूम टाकलाय. चपलांना लागून येत असेल."

"मुरूम असा असतो होय? तो खरखरीत असतो."

"मग चाळलेला असेल," मास्तर म्हणाले. मुरूम कुणी चाळत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण एकदा बोललेलं मत मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ते कोपऱ्यावर थांबले आणि मुरमाच्या ढिगात बोट घालून आले. तो कोरडा होता.

मागचं अंगण त्यांच्या एकट्यांचं नव्हतं. पलीकडच्या बिऱ्हाडाचं दारही त्यातच उघडायचं. तिथे मनकर्णाबाई राहायची. तिचा नवरा सहदेव जिनिंगमध्ये कामाला होता. बाई तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. एकदा संध्याकाळी मास्तरांच्या ओव्या आटोपल्यावर ती दारातूनच म्हणाली, "मास्तर, तुमच्याकडं पाव्हनी आली होती काय?"

"नाही बुवा."

"अशी कशी नाही? मंघाशी तुमी आतमंदी म्हनून राह्यले होते, तवा इथं दाराशी उभी होती. हात पदराखाली घेतलेले. म्या म्हटलं, आत जा ना बाई, उभी काहून? तर म्हने, बलावलं तर हाय, पन न्याले कोनी येत नाही."

"कुठे गेली मग?"

"मले काय मालूम? म्या चुलीवरचं पाहून आली, तवरिक नव्हती."

मास्तरांनी अंगणात कंदील फिरवला. तुळशीची कुंडी, धुण्याचा दगड, दोरीवरचं लुगडं, सगळं जागच्या जागी होतं. कुणीतरी पत्ता चुकलं असेल, असं त्यांनी घरात येऊन सांगितलं. रमाबाईंनी विचारलंही नव्हतं, तरी सांगितलं.

३

शतावरीचं चित्र अडलं होतं ते मुळांपाशी. पोथीतलं वरचं अर्धं चित्र शाबूत होतं. सुईसारखी नाजूक हिरवी पानं, बारीक काटे आणि वेलीचा सुरेख झोक. ओवीही सुरेख होती:

वरी कोंवळें नाजुक पान । खालीं पांढऱ्या मुळांचें रान ।
क्षीण देहासी जीवदान । शतावरी देई ॥

पण ते मुळांचं रान वाळवीने खाल्लं होतं. न पाहिलेली वस्तू काढायची नाही, हे मास्तरांचं आणखी एक मत. तेव्हा एका सुटीच्या दुपारी पोथी बरोबर घेऊन आणि तयार झालेले कागद गुंडाळून ते रविकांतकडे विद्यालयात गेले.

"मुळं ना? चला, बागेत दाखवतो," रविकांत उत्साहाने म्हणाला. "तीन वर्षांमागे मेळघाटातून तिथल्या मातीसकट उचलून आणली. इथल्या काळ्या रानात ती रमेना, म्हणून वाफ्यात सगळी तिचीच माती घातली. आता दृष्ट लागावी अशी पसरलीय."

वाफ्यावर पत्र्याची पाटी होती, पाटीवर नाव होतं. वेल चढवलेली काठी होती. वेल नव्हती. तिच्या जागी हातभर खोल खड्डा होता आणि त्याच्या चहूबाजूंनी लाल माती बाहेर आलेली होती. कुदळीचा घाव कुठेच दिसत नव्हता. खड्ड्याच्या कडा आतून बाहेर उलटल्या होत्या.

"साळिंदर," रविकांत चडफडत म्हणाला. "मुळांसाठी येतात मेले."

मास्तर खाली वाकून बघत होते. चित्रकाराची नजर, ती नको तिथेही काम करते. साळिंदराने खाल्लं असतं तर तुकडे पडले असते. सालीचा एक कपटासुद्धा नव्हता. खड्ड्यापासून कुंपणाच्या फाटकापर्यंत जमिनीवर बारीक रेघा गेल्या होत्या, फणी फिरवल्यासारख्या, शेजारी शेजारी. रेघांमध्ये लाल माती सांडलेली होती. मास्तरांना आपल्या उंबऱ्याची आठवण झाली आणि ती त्यांनी बाजूला सारली. लाल माती काय, मेळघाटभर असते.

खोलीत परत आल्यावर रविकांतने कागद उलगडले आणि तो मोठ्याने हसला.

"मास्तर! सगळ्या झाडांना वहिनींसाठीच बोलावलंत की! काय झालंय वहिनींना?"

"काही नाही. ओवीत बसतं म्हणून घातलं."

"आणि लिहिताना म्हणता ना तुम्ही मोठ्याने? रोज?"

"म्हणतो. संध्याकाळी."

"म्हणजे रीतसर आवतण दिलंत, आणि आणायला एकदाही गेला नाहीत. पाहुणे रागावतील हो!" त्याला स्वतःच्या विनोदाची मोठी मजा वाटत होती. तो पोथीचं शेवटचं पान चाळू लागला. "इथे नियम दिलेत बघा. लोखंड लावू नये. मूळ तोडू नये, चाचपून सोडवावं. आणि हे महत्त्वाचं, नेताना झाडावर सावली पडू देऊ नये. सावली पडली तर गुण गेला. ते झाड मग सोडून द्यायचं, पुन्हा बोलवायचंच नाही."

मास्तरही हसले. भर दुपारी, ऊन खोलीत आलेलं असताना, हसायला काही जड गेलं नाही. पण निघताना त्यांनी ते कागद परत मागून घेतले. "अक्षर एक-दोन ठिकाणी सुधारायचंय," असं म्हणाले.

४

घरी पोचायला त्यांना दिवेलागण झाली. पुढच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. मास्तर हाक मारत मागे गेले.

रमाबाई अंगणात मातीवर मांडी घालून बसल्या होत्या. कपाळावर कुंकू होतं, नेहमीपेक्षा मोठं आणि ताजं. हळदीची बोटं गालांपर्यंत आलेली होती.

"अशी काय बसलीस? गार पडलंय."

"बसलेय जरा," रमाबाई शांतपणे म्हणाल्या. "अहो, ती आली होती, मनकर्णा सांगत होती ती. आताच गेली. चांगली आहे हो बाई. हळदकुंकू द्यायला आले म्हणाली. मला जरा नवल वाटलं, आपण तिच्याकडे जायचं सोडून तीच कशी करंडा घेऊन आली. पण सवाष्णीला नाही कसं म्हणायचं?"

"मग?"

"मग काय, कुंकू लावलं, हळद लावली. पायावर पाणी घातलं."

"पायावर?"

"हो ना. मी म्हटलं, अगं, मी काय पूजेला बसलेय का? तर ऐकेचना. अक्षताही पायाशीच ठेवल्या." त्यांनी लुगड्याचा काठ थोडा वर केला. पावलांभोवतीची जमीन ओली होती आणि तिच्यात तांदळाचे दाणे रुतलेले होते. "म्हणाली, 'आमच्याकडं एक जन लई दुखन्यात हाय बाई. तुमचा गुन येईन तिले. उद्या सकायी येतो मी न्याले.'"

मास्तरांच्या हातातली गुंडाळी खाली पडली.

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मी वैद्य नाही की डॉक्टर नाही, माझा काय गुण यायचा? पण इतकी अजिजीने बोलली हो ती. कुणी दुखण्यात असेल तर नाही म्हणू नये. मी बरं म्हटलं."

"तिचे हात पाहिलेस?"

रमाबाई जरा आठवू लागल्या. "नाही बाई. पदराआडूनच सगळं केलं तिने. बोटं गार होती एवढं कळलं. आणि बाजूला सरून सरून उभी राहत होती. मनकर्णाने दारात कंदील लावला ना, तर तिची सावली माझ्यावर येऊ नये म्हणून किती जपत होती."

५

मास्तर घाबरले. इतके ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते, आणि कशाला घाबरलो ते स्वतःशी शब्दांत म्हणायची त्यांची तयारी नव्हती. ते आत गेले, दिवा लावला आणि कागद टेबलावर पसरून ब्लेडने 'रमेचें' खरवडायला लागले. काळी शाई कागदात पार मुरलेली होती. शतावरीच्या पानाला भोक पडलं, तेव्हा त्यांनी ब्लेड ठेवलं. नाव कागदावरून काढता येईल, पण म्हटलेलं कसं काढायचं?

मग त्यांचं शहाणपण पुढे आलं. समज, कुणी भोंदू बाई आहे. घर हेरून ठेवलंय, एकटी बाई बघून आलीय. तर उद्या सकाळी आपण घरात नसावं, झालं. आणि समज, भोंदू नाही. तरी उत्तर तेच.

"ऊठ रमा," ते अंगणात येऊन म्हणाले. "आपण अकोल्याला जाऊ. गोदावरीकडे. बडनेऱ्याला रात्रीची गाडी मिळेल."

गोदावरी ही रमाबाईंची धाकटी बहीण. तिच्याकडे जायचं म्हटलं, की रमाबाई एरवी पिशवी भरायला धावायच्या.

"आत्ता? उद्या ती यायची आहे ना?"

"म्हणूनच म्हणतो, चल."

"अहो, सांगून गेलीय ती. मी बरं म्हटलंय. पुष्कळ दिवस वाट पाहिली म्हणाली त्यांनी. आता मी निघून गेले तर कसं दिसेल?"

"कसंही दिसू दे!" मास्तर ओरडले. या घरात ओरडण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मनकर्णाबाईच्या दारातला कंदील हलला.

रमाबाई दचकल्या नाहीत. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, प्रेमाने, जरा लांबून पाहावं तसं. मास्तरांना ओरडल्याचं काही वाटलं नाही, पण त्या नजरेने ते गार झाले. त्यांनी खाली वाकून दोन्ही हातांनी तिचा दंड धरला आणि ओढलं. काटकुळी बाई, तांब्याभर वजनाची म्हणून ते तिला चिडवत. ती हलली नाही.

"अहो, नका. दुखतंय."

मास्तरांनी हात सोडला. आपलं काही दुखतंय असं रमाबाईंनी आजवर कधी म्हटलं नव्हतं. काही झालं नसताना तिचं दुखणं त्यांनी रोज गावभर सांगितलं होतं, आणि आता ते तिला स्वतःच्या हाताने दिलं होतं.

त्यांनी आतून गोधडी आणून तिच्या अंगावर घातली. दुसरी स्वतः घेतली आणि शेजारी बसले. ती रात्र कशी गेली ते सांगण्यात काही नाही. कुणी आलं नाही. येणारही नव्हतं, वेळ सकाळची ठरली होती. पहाटे पहाटे मास्तरांना एकच गोष्ट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की ते गोधडीतल्या गोधडीत हसले. सावली पडली तर गुण गेला. मग सोडून द्यायचं, पुन्हा बोलवायचंच नाही.

६

पूर्वेच्या भिंतीवरून ऊन अंगणात उतरलं, तेव्हा मास्तर रमाबाईंच्या आणि सूर्याच्या मध्ये उभे होते.

सावलीचं गणित त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सकाळी ती लांब असते, तेव्हा दूर उभं राहिलं तरी चालतं. सूर्य चढेल तशी ती आखडते, मग जवळ सरकायचं. त्यांनी पाय फाकवले, उपरणं दोन्ही हातांनी खांद्यांवरून पसरून धरलं. रमाबाई कपाळापासून पावलांपर्यंत सावलीत आल्या. पायाशी रुतलेले तांदूळसुद्धा.

"अहो, बसा ना," त्या म्हणाल्या. "पाय दुखतील तुमचे."

"दुखू देत."

मनकर्णाबाई चादर आणि मुगाच्या वाटलेल्या डाळीचं पातेलं घेऊन बाहेर आली. थंडीच्या दिवसांत तिच्या मुंगवड्या सगळ्या आळीला पुरायच्या. तिने अंगणात चादर अंथरली आणि भराभर वड्या घालायला बसली.

"काय करून राह्यले मास्तर? काहून उभे हा असे, राखनदारावानी?"

"रमाला ऊन सोसत नाही आज."

"मंग घरात न्या ना बाईले! उन्हात बसवाचं अन् वरतून छत्री व्हाचं, हे काय?" ती खो खो हसली. मग म्हणाली, "थोडे सरा तिकडं. वड्यायवर सावली पडून राह्यली."

मास्तर सरकले, पण बेताने. उपरण्याचं टोक आवरलं, रमाबाईंना सावलीतून बाहेर पडू दिलं नाही. पातेलं रिकामं झालं की मनकर्णाबाई आत जाई, पाट्यावर आणखी डाळ वाटून आणी आणि पुन्हा बसे. पुन्हा म्हणे, "सरा मास्तर." मास्तर पुन्हा बोटभर सरकत. तिच्या बडबडीने त्यांना मोठा धीर आला होता. ऊन, वड्या, शेजारीण, पलीकडच्या गल्लीतली सायकलची घंटी. या सगळ्यात भिण्यासारखं काय होतं? सूर्य भिंतीच्या वर चांगला हातभर आला होता. सकाळ म्हणतात ती संपत आली होती.

"रमा," ते मान न वळवता म्हणाले, "झालं हं आता. थोडाच वेळ. मग चहा करू. मी करतो."

"बरं," रमाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी जाग आल्यासारखी वाटली. "साखर वरच्या डब्यात आहे."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. साखर कुठे आहे हे बायको सांगतेय, याहून जास्त त्यांना या जगात काहीही नको होतं. त्यांचे हात भरून आले होते, पिंढऱ्यांत गोळे आले होते, आणि ते मनातल्या मनात चहाचं आधण ठेवत होते.

"बाजूले व्हा ना मास्तर," मागून आवाज आला, "सावली पडून राह्यली."

"हो हो," म्हणत मास्तर एक पाऊल बाजूला झाले.

पाऊल टेकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की वड्यांची चादर सगळीच्या सगळी उन्हात आहे. मघापासूनच होती. मनकर्णाबाईच्या घरातून पाट्यावर डाळ वाटल्याचा आवाज येत होता.

त्यांनी मान वळवली. रमाबाईंवर लख्ख ऊन पडलं होतं. त्यांच्या टाचेपाशी, लुगड्याच्या काठाखालून, एक हात आत गेला होता. पांढरा, ओला, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या बोटांचा. बोटं पाचांहून पुष्कळ जास्त होती. ती घाई करत नव्हती. काही तुटू नये अशा बेताने ती टाचेखालची माती चाचपत होती.

"आलात?" रमाबाई म्हणाल्या. ते मास्तरांना नव्हतं.

मास्तर एका उडीत पुन्हा आपल्या जागी येऊन उभे राहिले आणि त्यांनी उपरणं पसरलं. त्यांची सावली नुसत्या जमिनीवर पडली.